माहेर विचारणाऱ्या केवळाबाई

परभणीच्या सरकारी दवाखान्यात केवळाबाई सिस्टरांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. अपघात विभागात आलेल्या माणसाला आधी दोन बोल ऐकावे लागत, मग औषध मिळे. पण सुई पाहून थरथरणारी सासुरवाशीण आली की याच बाई मऊ व्हायच्या. "माहेर कुठलं गं बाई तुजं?" म्हणायच्या. पोरगी माहेराचं सांगण्यात गुंतली की सुई अलगद आत जायची.

केसपेपरावर मात्र नवऱ्याचं नाव नि सासरचं गाव. लग्न झालेल्या बाईचं माहेर सरकारला कशाला हवं?

अठ्ठ्याऐंशीच्या नागपंचमीनंतर उलटी-जुलाबाच्या पोरी येऊ लागल्या. एक सेलूकडची, एक पोखर्णीची, एक परभणीतलीच. गावं पांगलेली, त्यामुळं डॉक्टरांनाही वावगं वाटलं नाही. पावसाळ्यात पोटं बिघडतातच. तिसरीला सलाइन लावताना केवळाबाईंनी माहेर विचारलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. तिघीही पांढरटाकळीच्या लेकी. पंचमीला माहेरी जाऊन आलेल्या, एकाच विहिरीचं पाणी प्यालेल्या. त्या परतल्या आणि मागं ओढ्याला पूर आला, म्हणून गावातलं दुखणं गावातच अडकून पडलं होतं.

बाईंची सून चांगुणाही पांढरटाकळीचीच लेक. पहिल्या बाळंतपणाला ती तिथंच गेली होती. आठवा महिना सरत आलेला.

त्यांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी लगेच फोन फिरवला. ओढ्याचा पूर ओसरला होता, जीप निघाली. "मी बी येते," म्हणत बाई फाटकापर्यंत धावल्या. तेवढ्यात बैलगाडीतून चौथी पोरगी उतरवली. विभागात दुसरी सिस्टर नव्हती. बाई माघारी फिरल्या. त्या दिवशी त्या कुणावरही खेकसल्या नाहीत, त्यामुळं सगळे जास्तच घाबरले.

दिवेलागणीला जीप आजारी माणसं घेऊन आली. चांगुणा त्यात नव्हती.

"माझी सून कुठंय?" बाईंनी जीपमध्ये डोकावून विचारलं.

"धडधाकट हाय, सिस्टर," ड्रायव्हर भुजंग म्हणाला. "यायला न्हाई म्हनली. गावासाठी पानी उकळायलीय. गेल्यापासून उकळूनच पेती म्हने. सासूचा जाच माहेरी घेऊन आली म्हनून बाया लय हसल्या तिला."

गावातली दोन म्हातारी माणसं वाचली नाहीत. चांगुणाच्या घरात मात्र कुणी आजारी पडलं नाही.

बाई बाकावर बसल्या आणि सगळ्यांदेखत हमसून रडल्या. पाणी उकळलं नाही म्हणून त्यांनी त्या पोरीला चुलीपुढं कितीदा रडवलं होतं.