परसातलं वर्महोल

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पेण ते रोहा हे अंतर प्रकाशापेक्षा अधिक वेगाने कापण्याचे संशोधन, मुख्य संशोधकाचे निधन झाल्यामुळे, पुढील सूचना मिळेपर्यंत स्थगित करण्यात आले आहे. संशोधन केंद्र, म्हणजे रोह्यातल्या एका बैठ्या घराचे परस, यापुढे केवळ घोसाळी काढण्यासाठी उघडे राहील.

मुख्य संशोधक म्हणजे माझा सख्खा मामा, मधुकर. शिक्षण अकरावी, नोकरी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत पाइप फिटरची, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झालेली. तो गेल्याची बातमी मला मिळाली ती निडी स्टेशनात. गाडी उभी होती, डब्यात मी आणि समोरच्या बाकावर एक भाजीवाली, तिच्या दोन पाट्यांसह. फोन मामीचा होता. “कुठं हायस रे?” तिने विचारलं. “निडीला आलोय, मामी.” ती म्हणाली, “खरंच?” मी म्हणालो, “खरंच गो मामी, शप्पत!” “मग ये सावकाश,” ती म्हणाली, “आता घाई नाय...”

तिने ‘खरंच?’ का विचारलं, हे सांगायचं तर मला आधी स्वतःची अब्रू वेशीवर टांगावी लागेल. हरकत नाही, मामाने ती तिथे कधीच टांगलेली आहे. पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. तो मुळात माझ्या आजोबांचा, अण्णांचा. मामाने ब्रश सोडून पाना हातात घेतला, म्हणून अण्णांचा ब्रश माझ्याकडे आला. मी आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतो. रोह्याला जायचं ठरलं की पेणला बसल्या बसल्याच फोनवर सांगायचं, “निडीला आलोय,” ही माझी जुनी खोड. निडीच का? नागोठणं सांगितलं तर लोक म्हणतात, अजून बराच लांब आहे. रोहा सांगितलं तर दार उघडून बघतात. खोटं बोलायला निडीइतकं सोयीचं स्टेशन त्या लाइनीवर दुसरं नाही.

एकदा मी असाच मोबाइलवर निडीला पोचलो आणि पाचव्या मिनिटाला कारखान्यातला फोन वाजला. हात रंगाचे, लक्ष कामात, उचलला मीच. पलीकडून मामा. “वा, भाचेबुवा! पेणहून निडीला जायला प्रकाशालासुद्धा सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. तुम्ही तर एकाच वेळी दोन्हीकडं! आम्ही इकडं उगाच पुस्तकं वाचतोय.”

पुस्तकं तो खरोखरच वाचायचा. वाचनालयातली विज्ञानाची दोन कपाटं त्याने दोनदा संपवली होती. पण हा नाद त्याला पुस्तकांनी लावला नव्हता. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. मामा सकाळच्या शिफ्टला असताना पेणहून निरोप आला, अण्णांना बरं नाही, लगेच ये. निरोप गेटवरच थांबला, मामाच्या हातात पडला तो दोन तासांनी. मग एसटी नागोठण्याच्या अलीकडे पंक्चर झाली. मामा घरात शिरला तेव्हा अण्णांना जाऊन अर्धा तास झाला होता. माझी आई सांगायची, अण्णांनी तीन वेळा विचारलं होतं, “मधू पोचला काय?” मामाने हे स्वतः माझ्याजवळ एकदाच काढलं, तेही दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. “चाळीस किलोमीटर रे,” तो म्हणाला, “आणि माणूस नाय पोचत...”

तेव्हापासून ‘वेळेत पोचणं’ हा त्याचा विषय, आणि तो वाढत वाढत ताऱ्यांपर्यंत गेला. प्रकाशाच्या पुढे कुणाला जाता येत नाही हे त्याला मान्य होतं. नियम म्हणजे नियम, तो कंपनीचा असो की विश्वाचा. पण वर्महोल, म्हणजे अवकाशातला आडबोगदा, वाचल्यावर तो खूश होऊन पेणला आला आणि ओल्या मूर्तींच्या मधे उकिडवा बसून मला समजावू लागला. “हे बघ. पाइपाची लाइन लांबून वळसा घालून जाते. तू मधेच बायपास मारलास, तर माल लवकर पोचतो. मालाचा वेग वाढला काय? नाय. वाट आखूड झाली. तसंच अवकाशाला बायपास मारायचा. आपण आतून रमतगमत जायचं, आणि बाहेरून वळसा घालून निघालेला प्रकाश आपल्या मागून धापा टाकत येणार!” धापा टाकणारा प्रकाश त्याने असा काही करून दाखवला की आमचे दोन कारागीर हसून हसून काम सोडून बाहेर गेले.

अडचणही तोच सांगायचा, कुणी विचारण्याआधी. गणित वर्महोलला नाही म्हणत नाही, पण त्याचा गळा, म्हणजे मधला अरुंद भाग, टिकत नाही. इतक्या झटक्यात आवळतो की प्रकाशाचा किरणसुद्धा पार होत नाही. मामाने कंपनीत एकदा हवा आत घेणारा व्हेंट बंद राहिलेली टाकी व्हॅक्यूमने चेपताना पाहिली होती. माणसाच्या दुप्पट उंचीची लोखंडी टाकी रिकाम्या डब्यासारखी मुरगळली. “तसा आवळतो,” तो म्हणायचा. गळा उघडा धरायला आतून रेटणारं काहीतरी हवं, त्याला निगेटिव्ह ऊर्जा लागते. ती प्रयोगात कणभर असल्याच्या खुणा मिळतात, माणूस जाईल एवढी कुणी पाहिलेली नाही.

“म्हणजे नाय जमणार,” मामी स्वयंपाकघरातून.

“नाय जमणार असं सिद्ध नाय झालं गो.”

“मग जमणार?”

“तसं पण सिद्ध नाय.”

“मग चहा घ्या.”

आता ती ऐतिहासिक घटना. मामाच्या कॉलनीचा गणपती होता आणि देखावा माझ्याकडे होता. मी सुचवलं, बाप्पा कैलासाहून वर्महोलमधून थेट रोह्याला येतात! दोन बाजूंना कापडी भोंगे, मधे लोखंडी रिंगचा गळा. पडदा उघडताच चार माणसं मूर्ती गळ्यातून पार नेणार. मामाने फोनवर विचारलं, “साइज काय?” मी म्हणालो, “साडेतीन फुटी.” झालं, दोघांचंही समाधान. गणपतीला उंची असते, पाइपाला व्यास असतो, आणि आम्ही दोघांनी आयुष्यभर आपापलंच मोजलेलं. पेणमध्ये कुठल्याही गिऱ्हाइकाने आजवर गणपतीची रुंदी विचारलेली नाही. मामाने साडेतीन फुटांवर चार बोटं सोडून झकास गोल रिंग केली. मूर्ती साडेतीन फुटी होतीच. पण तिला चार हात होते, दोन बाजूंना लोड होते, खाली पाट होता आणि पाटाला कोपरे होते.

पडदा उघडला. ताशे सुरू झाले. बाप्पा निम्मे आत गेले आणि अडकले. मुकुट वर टेकला, पाटाचे कोपरे खाली टेकले. जरा जोर लावला असता तर मूर्ती खंडित. ताशे थांबले. दीडशे माणसं श्वास रोखून बघतायत आणि मामाने माइक हातात घेतला. “भक्तगणहो, घाबरू नका. शास्त्रात हीच अडचण सांगितलेली आहे. गळा!” मग त्याने मूर्ती इंच इंच मागे घ्यायला लावली, रिंगला वळसा घालून सहा पावलं चालत नेली आणि चौरंगावर ठेवली. “बाप्पा लांबच्या वाटेनं पोचले आहेत,” त्याने जाहीर केलं, “पण पोचले आहेत!” एवढा गजर मी पेणमध्येही ऐकलेला नाही.

चूक कुणाची, यावर आम्ही पुढे अकरा वर्षं भांडलो. तो म्हणायचा, तू रुंदी सांगितली नाहीस. मी म्हणायचो, तू विचारली नाहीस.

रिंग मामाने परसात, स्वयंपाकघराच्या मागच्या कुंपणात बसवली. मामीने तिच्यावर घोसाळ्याचा वेल चढवला. परसात जायचं तर वाकून, पाय उचलून त्या रिंगमधूनच. खालची पट्टी जरा सैल होती, पाय पडला की ठण्ण वाजायची. मामा सकाळी झाडांना पाणी घालायला जाताना मनगटावरचं घड्याळ बघायचा, परत येताना पुन्हा बघायचा. ठण्ण वाजलं की आतून मामी ओरडायची, “पोचलात का हो?” आणि हा दारातून म्हणायचा, “पोचलो, पण चालत.” रोज. पाहुणे असले तरी, भांडण झालेलं असलं तरी.

एकदा त्या रिंगजवळ उभा राहून मी मुद्दाम छेडलं. मामा, वर्महोलमधून म्हणे मागच्या काळातही जाता येईल? त्याने वेलाचं एक सुकं पान खुडलं. “कागदावर येतं कधी कधी. पण भोक ज्या दिवशी पाडलं, त्याच्या मागं नाय जाता येत. म्हणजे आज पाडलं, तरी अण्णांच्या दिवसापर्यंत नाय...” आणि मग, माझाच चेहरा पडलेला बघून, “पण तू निडीपर्यंत जातोस की!”

शेवटचे दोन महिने तो अंथरुणावरच होता. तो गेला त्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. आवाज बारीक, पण मिश्कीलपणा शाबूत. “येतोस काय? एक कबूल करायचंय.” मी म्हणालो, “आलोच. निडीला आलोय, मामा.” मी तेव्हा कारखान्यात होतो. समोर मूर्ती होती आणि तिचा एक डोळा काढून झाला होता. एक डोळा काढून दुसरा तसाच सोडून आमच्याकडे उठत नाहीत. अण्णा उठायचे नाहीत, मीही उठत नाही. दुसरा डोळा काढला. पण मग... खरं सांगतो, मग शेजारच्या मूर्तीचाही एक काढला. आणि मग तिचा दुसरा. दुपारची गाडी पकडली आणि आयुष्यात पहिल्यांदा, फोन आला तेव्हा खरोखर निडीला होतो.

हे मी मामीला तेराव्यानंतर सांगितलं. तिच्यापुढे मान खाली घालून बसलो होतो. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. “त्यांना ठाव होतं,” ती म्हणाली. “फोन ठेवला नि हसले. म्हणाले, निडीला हाय म्हणतो, म्हणजे पेणलाच हाय. एक डोळा झाला असणार, दुसरा काढल्याबिगर उठायचा नाय. काढू दे त्याला, म्हणाले.” मी विचारलं, कबूल काय करायचं होतं? “तुझ्यासाठी ठेवलाय निरोप. रिंगची चूक त्यांचीच होती म्हणे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजायला हवं होतं, एवढं फिटरला कळायला पायजे होतं... अकरा वर्षं कळत होतं, पण भाच्यापुढं मान्य कोण करील?”

परवा रोह्याला गेलो. सकाळची गाडी, आणि फोनवर एकही स्टेशन सांगितलं नाही. मामीने जेवायला थांबवलं आणि घोसाळी काढून आण म्हणाली. रिंग पावसाने जरा गंजलीय, वेल मात्र माजलाय. मी वाकून पलीकडे गेलो, चार घोसाळी काढली आणि येताना मनगटावरचं घड्याळ बघितलं. का ते विचारू नका. परत येताना पाय नेमका सैल पट्टीवर पडला. ठण्ण! आणि आतून, चुरचुरणाऱ्या फोडणीच्याही वरताण, मामीचा नेहमीचा खणखणीत आवाज आला, “पोचलात का हो?”