हात तेवढे घ्या

"मॅडम, फोटोत हात तेवढे घ्या. तोंड नको."

देवबागेतल्या एका होमस्टेच्या मागच्या स्वयंपाकघरात काकी असं म्हणाल्या. काकी म्हणजे तिथल्या मालकीणबाई. पाहुणे त्यांना काकी म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. ज्या बाईचे हात तेवढे घ्यायचे होते, ती चुलीसमोर बसून केळीच्या पानावर वडे थापत होती. ती माझी आई. आणि मी, तिची मुलगी, वही-पेन घेऊन मॅडमच्या शेजारी उभी होते.

मॅडम शहरातल्या विद्यापीठात शिकवायच्या. खाद्यपर्यटन हा त्यांचा विषय. पर्यटक इथं समुद्रासाठी येतो की ताटासाठी, ताटातलं काय त्याला अस्सल वाटतं, ते अस्सल टिकवायचं कसं, असलं सगळं. मी पर्यटनात एम. ए. केलेलं. गावोगाव फिरून त्यांचे फॉर्म भरून आणायचं काम मला मिळालं होतं. "तू चुणचुणीत आहेस, पुढं पीएचडीला मी घेते तुला," असं त्या म्हणाल्या होत्या. आमच्या वाडीत तोवर कुणी बी. ए.च्या पलीकडं गेलेलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी उन्हातान्हात वणवण करत होते.

होमस्टेची यादी आली आणि त्यात आई काम करते ते घर निघालं. मॅडमना तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. जाऊ, फॉर्म भरू, येऊ, असं मनाला सांगितलं.

काकींनी मला फाटकातच ओळखलं. मॅडम माडांचे फोटो काढत होत्या तेवढ्यात दंडाला धरून बाजूला घेतलं. "गप ऱ्हव. तुझा पण बरा व्हतला, माझा पण." एवढंच. मी मान हलवली. ती मान कशी हलली ते मला अजून आठवतं.

आमची वाडी बौद्धवाडी. मालवणापासून एसटीनं पाऊण तास आत. आई रोज पहिल्या गाडीनं यायची आणि मागच्या दारानं आत जायची. कोंबडीची सागोती, वडे, माशांचं तिखलं, सोलकढी, सगळं तिचं. पाहुणे जेवून तृप्त व्हायचे आणि काकींना म्हणायचे, काय हात आहे तुमचा. काकी पदर सावरून हसायच्या. आईला पहिल्या दिवशीच सांगून ठेवलेलं. "कोणी इचारल्यान तर भांडी घासतंय म्हणान सांग." आई तसंच सांगायची. मला हे ठाऊक होतं. पण माहीत असणं वेगळं आणि वही घेऊन समोर उभं राहणं वेगळं.

मॅडम आईच्या हातांकडं बघत राहिल्या. "किती बोलतात हो हे हात!" त्यांनी कॅमेरा काढला. तेव्हा काकी ते वाक्य बोलल्या. मॅडम पटकन म्हणाल्या, "हो हो, हातच छान दिसतील." आईनं तोंड आपणहून भिंतीकडं वळवलं. तिला कुणी सांगावं लागलं नाही.

मग काकींचं लक्ष आईच्या मनगटांकडं गेलं. बाबा गेल्यापासून ती मनगटं मोकळी होती. काकींनी स्वतःच्या हातातल्या सोन्याच्या चार बांगड्या काढल्या. "हात पुढे कर गो." आईचे हात पिठानं ओले, बांगड्या सुळकन गेल्या. फोटो निघाले. एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं, वडा उचलताना, वडा कढईत सोडताना.

"बोटं अशी काळी का पडलीत?" मॅडमनी विचारलं. विचारलं काकींना.

"मसाला हो," काकी म्हणाल्या. "वर्षानुवर्षं मसाला भाजायचा म्हणजे काय गंमत आहे?"

"लिही गं हे," मॅडम मला म्हणाल्या. मी लिहिलं.

फोटो झाल्यावर काकींनी बांगड्या काढून घेतल्या. मागच्या मोरीवर गेल्या. नळ सोडला. साबण लावला. एकेक बांगडी चोळून धुतली, पदराला पुसली आणि मग हातात घातली. मॅडम कॅमेऱ्यात फोटो बघत होत्या. आई कढईतला वडा उलटत होती. मी एकटी बघत होते.

त्याच हातांनी थापलेले वडे काकी अर्ध्या तासानं मॅडमबरोबर बसून जेवल्या. वडे कुणी धुतले नाहीत.

ह्यावर तरी मी बोलले असते, कदाचित. पण तेवढ्यात आई चहाचा कप घेऊन माझ्यासमोर आली. माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाली, "बाईनू, तुमका चाय देव काय?"

मला. तिच्या पोटच्या पोरीला. माझं काम जाऊ नये म्हणून ती मला ओळखत नव्हती. आणि मी काय म्हटलं? "नको," म्हटलं. आये म्हटलं नाही. परक्या बाईशी बोलावं तसं बोलले. फॉर्मवर 'स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचं नाव' असा रकाना होता. तिथं मी माझ्या अक्षरात काकींचं नाव लिहिलं. खाली संमतीच्या ओळीवर काकींनी सही केली. आईच्या हातांची संमती काकींनी दिली.

संध्याकाळी घरी मी विचारलं, "आये, राग इलो?"

"राग कसलो? तुझा काम झाला मां?" ती ओट्यावर बसून मनगट चोळत होती. मग म्हणाली, "बांगड्यो जड होत्यो."

आता त्या बोटांचं सांगते. ती काळी पडली ती काजूच्या कारखान्यात. मी पहिलीत असल्यापासून कॉलेजात जाईपर्यंत तिनं काजूबी फोडली. टरफलातून तेल निघतं. ते अंगाला लागलं की कातडी भाजते, सोलते, काळी पडते. बायका हातांना राख फासून बसायच्या, तरी तेल लागायचंच. घरी आली की आई खोबरेल चोळायची आणि माझी वेणी घालताना म्हणायची, केसांका लागता तर नाय मां? तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. रेशनच्या दुकानातल्या मशीनला तिचा अंगठा कधी लागायचा नाही. दुकानदार कंटाळून म्हणायचा, धुवून या हात. ती धुवून यायची. मशीन परत नाही म्हणायचं. त्या बोटांवर माझं सगळं शिक्षण झालं आणि मी लिहिलं, मसाला.

पुढच्याच वर्षी आई गेली. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात एक नर्स स्पिरिटच्या बोळ्यानं तिची बोटं पुसत होती. "काळं निघतच नाही," म्हणाली. मी म्हटलं, "निघायचं नाही ते." आईच्या बाबतीत तोवर मी बाहेर बोललेलं तेवढंच खरं.

आणि मग ते हात यायला लागले.

आधी मॅडमच्या लेखात आले. मग होमस्टेच्या ऑनलाइन पानावर, मग कुणाच्या तरी माहितीपत्रकात. एकदा सर्व्हेसाठी देवगडकडं जाताना तळेऱ्याला गाडी बदलायला उतरले. फाट्यावर भलंमोठं होर्डिंग. माझ्यापेक्षा उंच हात. पिठानं भरलेले, काळ्या बोटांचे, सोन्याच्या बांगड्या घातलेले. खाली लिहिलं होतं, 'काकीच्या हातची अस्सल मालवणी चव.' मी त्याच्या सावलीत एसटीची वाट बघत उभी होते. शेजारी एक माणूस शहाळं पीत होता. तो वर बघून म्हणाला, "हात बघा, खऱ्या सुगरणीचे." मी गाडी सोडून दिली.

त्यानंतर मी आईला स्वप्नात कधी चेहऱ्यासकट बघितलं नाही. हात तेवढे दिसायचे. ते थापत असायचे. मी तिचा चेहरा आठवायला बसले की भिंतीकडं वळलेली मान आठवायची. घरात तिचा एकच फोटो, आधार कार्डावरचा, पुसट. मी भुताखेतांना मानत नाही, बाबासाहेबांच्या घरातली मुलगी मी. पण ते हात माझ्या मागं होते, हे खरं. आणि त्यांना मागं लावणारी मीच होते.

तरी मी काम सोडलं नाही. पीएचडीचा अर्ज मॅडमच्या टेबलावर होता.

मग जिल्ह्याच्या ठिकाणी एका हॉटेलात चर्चासत्र ठरलं. विषय, पर्यटन संशोधनातले नवे प्रवाह आणि आव्हानं. लांबलांबून प्राध्यापक आलेले. काकींचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, पहिली रांग. मी कोपऱ्यातल्या लॅपटॉपवर. मॅडम 'पुढची' म्हणाल्या की बटण दाबायचं.

मॅडम छान बोलतात. पर्यटक ऑनलाइन काय लिहितात त्याचा अभ्यास, किनाऱ्याला किती माणसं झेपतात त्याचा अभ्यास, बायकांच्या हाती आलेला व्यवसाय, शाश्वत पर्यटन. मी दाबत होते. मग त्या म्हणाल्या, "आमच्यापुढचं सगळ्यात मोठं आव्हान सांगू? स्थानिक लोक संशोधकाशी खरं बोलत नाहीत. त्यांना जे ऐकवावंसं वाटतं तेच ऐकवतात. पुढची."

मी बटण दाबलं आणि आई भिंतीवर आली.

पूर्ण भिंतभर. वडा थापताना. एसीच्या वाऱ्यानं भिंतीवरचा पडदा किंचित हलत होता, त्यामुळं बोटं हलल्यासारखी वाटत होती. मॅडम सांगत होत्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या मसाल्यानं रंगलेली ही बोटं, हाच अस्सलपणा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकींनी वळून नमस्कार केला.

"पुढची," मॅडम म्हणाल्या.

माझं बोट बटणावर होतं. दाबलं असतं तर हात गेले असते, चहा झाला असता, अर्ज मंजूर झाला असता.

"पुढची स्लाइड."

मी दाबलं नाही.

"अगं, अडकलं का?"

मी उभी राहिले. कॉलेजातली मराठी तोंडात तयार होती, पण आली ती घरची. "ही बोटां मसाल्यान काळी झालेली नाय. काजीच्या तेलान भाजलेली आसत. ही माझ्या आवशीची बोटां. बांगड्यो तेवढ्यो काकींच्यो." मग काकींकडं वळले. "काकीनू, तुमचे हात दाखवा."

काकींचे हात शालीत होते. ते बाहेर आले नाहीत. सगळं सभागृह त्या शालीकडं बघत होतं. अध्यक्षांनी माइक ओढला. "हा मुद्दा आपण चहापानानंतर घेऊ." चहापानानंतर तो कुणी घेतला नाही.

बाहेर काकींनी गाठलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, ते खोटं नव्हतं. "तुझ्या आवशीक मिया कधी उपाशी ठेवलंय काय? आजारपणात कोण धावला?" धावल्या होत्या, हेही खरं. मी म्हटलं, "बांगड्यो कित्याक धुतल्यात?" "कसल्यो बांगड्यो?" त्या म्हणाल्या. त्यांना ते आठवतच नव्हतं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तू मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस?" फॉर्मवरचं माझंच अक्षर मला आठवलं. मग म्हणाल्या, "पुढच्या लेखात तळटीप देऊ आपण. स्थानिक मदतनिसांचे आभार, असं काहीतरी. नाव-आडनाव टाकून उगाच वाद नको. तुझ्या अर्जाचाही विचार कर."

मी विचार केला. तिथंच, उभ्या उभ्या. अर्ज परत मागून घेतला.

त्यानं काही फिटलं नाही. तळेऱ्याचं होर्डिंग अजून आहे. स्वप्नातले हातही आहेत. फोटो उतरवा म्हणून मी मॅडमना आणि काकींना पत्र लिहिलंय. त्यात एवढंच म्हटलंय की हे हात ज्या बाईचे, तिची संमती कुणी घेतली नव्हती, आणि तिची वारस म्हणून मी ती देत नाही. उत्तर आलेलं नाही. आलं नाही तर परत लिहीन. मग परत लिहीन.

आणि एक फॉर्म तयार केलाय. कुठल्याच विद्यापीठाचा नाही, माझा. पर्यटकाला काय आवडलं ते त्यात नाही. पहिला प्रश्न आहे, हे रांधलं कोणी? नाव, आडनाव, वाडी. दुसरा, तुम्ही घरात कुठल्या दारानं येता? पहिला कागद मी स्वतः भरला. रांधणारी: भागीरथी गंगाराम जाधव, बौद्धवाडी. दार: मागचं. बोटं काळी होण्याचं कारण: काजूचं तेल. नाव लपवणारी: तिची मुलगी. खाली सही केली.

देवबागेतल्या त्या स्वयंपाकघरात आता दुसरी बाई वडे थापते असं कळलंय. उद्या सकाळच्या गाडीनं मी तिथं जाणार. पुढच्या फाटकातून, पुढच्या दारानं. काकी अडवतील. मी मागच्या खोलीपर्यंत जाणार, त्या बाईसमोर जमिनीवर बसणार, तिच्या तोंडाकडं बघणार आणि तिचं नाव विचारणार. काकींना नाही. तिला.