तंबूबाहेर वाळणारा फेटा

पारोळ्याजवळच्या त्या गावातल्या आबांची आठवण निघाली की आजही मला आधी हसू येतं आणि मग त्या दिवशीच्या काठ्या आठवतात.

तेव्हा मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गहू काढणीचे दिवस होते. दरवर्षीप्रमाणे पंजाबातून काढणीचं मोठं मशीन घेऊन काही शीख माणसं आली होती आणि शिवारात तंबू टाकून राहिली होती. गावाला त्यांचं मशीन हवं होतं, माणसं मात्र नको होती.

एका सकाळी एक शेतकरी तक्रार घेऊन आला. त्याचे वडील, ज्यांना सारं गाव आबा म्हणायचं, आदल्या दिवशी शेतातून घरी परतलेच नव्हते. मोबाइल घरीच. मिसिंग नोंदवून घेतली, विहिरी बघायला माणसं पाठवली. तेवढ्यात गावातून फोन आला, "साहेब, आबाना फेटा सरदारस्ना तंबूबाहेर वाळी ऱ्हायना. धुईसन टाकेल शे!"

फेटा धुतला म्हणजे पुरावा धुतला, असं गावानं ठरवूनही टाकलं. आम्ही पोहोचलो तेव्हा तंबूभोवती काठ्या जमल्या होत्या. मशीन चालवणाऱ्या, तिशीतल्या एका सरदारजींना मी चौकशीसाठी गाडीत घेतलं. नसतं घेतलं तर त्यांची हाडं शिल्लक राहिली नसती. जमाव मागोमाग ठाण्याच्या फाटकापर्यंत आला.

आमच्या हवालदारांनी सवयीनं अंगझडती सुरू केली आणि पगडीकडे हात नेला. सरदारजी एकदम मागे सरले. "साहबजी, अकेले में ले लो तलाशी, मैं खुद उतार दूँगा. सबके सामने नहीं."

दारातून लोक डोकावत होते. मी हवालदारांना म्हटलं, "तुमचे वडील बोडक्यानं चावडीवर गेले असते का?" हवालदार ओशाळले आणि चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर सटकले.

चौकशी मात्र पुढे सरकेना. "आबाजी ठीक हैं," एवढंच ते म्हणत. कुठे आहेत, यावर गप्प. दरडावलं, समजावलं, उत्तर एकच, "वचन दिया है जी." गप्प बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मनात पाप असलेल्याची नजर सारखी दाराकडे जाते. हे माझ्याकडे सरळ बघत होते.

इतक्यात पारोळा बसस्थानकावर पाठवलेला शिपाई परत आला. "साहेब, आबांना कुणी पाहिलं नाही. काल दोन सरदार तेवढे जळगावच्या गाडीत चढले. एक तरणा, एक म्हातारा."

तंबूत तर एकही म्हातारा नव्हता! माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबांना सगळ्यांनी पाहिलं होतं, फक्त पगडीखालचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. पण ते होते कुठे? आणि वेश बदलून स्वतःहून गेले, म्हणजे घरात काहीतरी बिनसलं असणार.

तक्रारदार आणि संशयित यांना समोरासमोर बसवायचं नाही, ही आमची शिस्त. ती मी मोडली. मुलाला आत बोलावून सरदारजींसमोर बसवलं आणि म्हटलं, "आबा का गेले, ते यांना सांग."

आतापर्यंत तो बाहेर सगळ्यांबरोबर ओरडत होता. आत आल्यावर आधी ताठ बसला आणि मग फुटला. "मी बठ्ठास्ना देखत बोलनू, 'आबा, तुले काय समजस, घर बस.' साहेब, मना आबा उपाशी तर नही ना?" आबांना चारचौघांत घरी बसायला सांगितल्याचं कबूल करून तो हमसून हमसून रडू लागला.

सरदारजींनी आपला चहा त्याच्यापुढे सरकवला. "मेरे बापूजी भी ऐसे ही रूठते थे," ते म्हणाले. "आबाजी ने कहा था, बेटे के मुँह से मेरी फ़िक्र सुनो, तभी बताना. अब सुन ली."

मग सगळं सांगितलं. रुसलेले आबा दिवसभर मशीनपाशी बसून राहिले होते. त्यांचा भुशानं भरलेला फेटा सरदारजींनी धुतला. आबा बोडक्यानं बसमध्ये बसायला तयार होईनात, म्हणून आपली निळी पगडी त्यांना बांधून दिली. मशीनचा पट्टा आणायला जळगावला जाताना त्यांना सोबत नेलं आणि तिथल्याच पिंप्राळ्यात त्यांच्या जुन्या मित्राच्या दारात सोडलं.

मी लगेच जीप पाठवली. संध्याकाळी आबा ठाण्याच्या आवारात उतरले ते निळ्या पगडीतच. आणखी एक सरदार धरून आणला असं वाटून गर्दीतून कुणीतरी शिवी हासडली. आबा गर्रकन वळले.

"कोन रे तो? आठे ये!"

आवाज ओळखून सगळे गार पडले. मुलगा धावत येऊन पाया पडायला वाकला, तर आबांनी पाय मागे घेतले आणि सरदारजींकडे बोट केलं. "पयले त्याले घर जेवाले बलाव."

बापलेक सरदारजींना मध्ये घेऊन निघाले. काठ्या घेऊन आलेले लोक मान खाली घालून त्यांच्या मागून चालू लागले. मला त्या तिघांचं फार कौतुक वाटलं, आणि मी ते माझ्या हवालदारांपुढे बोलूनही दाखवलं.

माणसांना वेगवेगळं बसवून खरं काढायला मला खात्यानं शिकवलं. काही खरं मात्र दोघं समोरासमोर बसले तरच बाहेर येतं, हे मी या प्रकरणात शिकलो. पुढे गावागावांतले बरेच तंटे मी तसेच मिटवले.

त्या दिवशी 'इसम सुखरूप मिळून आला' असं लिहून मी मिसिंगचं प्रकरण बंद केलं. नियमानं ते बरोबरच होतं. पण त्या गावाला त्या दिवशी एक नाही, दोन माणसं मिळून आली होती.