प्लेट बसवलेला पाय

जुळे सोलापुरातल्या जनावरांच्या दवाखान्यात मी मांजर घेऊन बसलो होतो, तेव्हा एक गृहस्थ त्यांचा लॅब्राडॉर घेऊन आले. कुत्र्याच्या पुढच्या पायाचं हाड मोडलं होतं. बारा दिवसांपूर्वी ऑपरेशन करून आत प्लेट बसवली होती.

गृहस्थांनी बाकावरच्या सगळ्यांना कुत्र्याच्या बापानं मिळवलेली बक्षिसं ऐकवली. मग हुकूम सोडला, "शेकहँड!" कुत्र्यानं कण्हत पट्टीतला पाय उचलला. ह्यांनी तो धरून हलवला आणि आमच्याकडं बघून हसले. "पावणे आले की रोज देतंय. लई हुशार हाय."

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. प्लेट वाकली होती.

"पुन्हा उघडावं लागेल. दीड महिना पाय हलवू नका म्हटलं होतं ना?"

"तुमची प्लेटच हलकी असणार की," असं म्हणत ते फोन कानाला लावून बाहेर गेले.

असल्या निर्लज्ज माणसाला चार शब्द सुनवावेत म्हणून मी उठलो. पण माझ्या आधी कुत्रं उठलं. तीन पायांवर लंगडत ते दाराशी गेलं आणि काचेतून त्यांच्याकडं बघत शेपूट हलवायला लागलं.