रोज सकाळी एक गुलाब

ती केस आठवली की आजही तोंड कडू होतं. एरवी माझी नोकरी झोकात गेली. माझ्या बुटांचा आवाज ऐकून नंदेसरीच्या कारखान्यांतले भंगारचोर आपणहून ठाण्यात येऊन बसायचे. आधी चहा मागायचे, मग गुन्हा सांगायचे. यातलं निम्मं खरं धरा. पुढचं मात्र सगळं खरं आहे.

देवदिवाळी नुकतीच झाली होती. सकाळची हजेरी उरकून खुर्चीत टेकतो तोच परदेशातून फोन आला. आपल्या बडोद्याचाच मराठी मुलगा. आई इथेच वासण्याला एकटी राहते आणि तिचा मोबाईल कामवालीनं चोरलाय, अशी त्याची तक्रार. कशावरून? तर घराच्या कसल्याशा कागदांसाठी आईच्या मोबाईलवर आलेला ओटीपी हवा होता. फोन कामवालीनं उचलला आणि ओटीपी द्यायला साफ नकार दिला.

"आई कुठे आहेत?" मी विचारलं.

"घरीच असणार. रोज सकाळी तिचा गुलाब येतो ना व्हॉट्सॲपवर."

वासण्याला गेलो तर घराला कुलूप आणि कुलपावर धूळ. शेजारी म्हणाले, काकू नवरात्रापासून दिसल्या नाहीत, आम्हाला वाटलं मुलाकडे गेल्या. म्हातारी बेपत्ता, मोबाईल कामवालीकडे. असल्या केसचा शेवट बहुधा विहिरीत सापडतो.

मोबाईलचं लोकेशन चुटकीसरशी निघालं. मागच्याच गल्लीत, कामवालीच्या घरी. महिला पोलिसाबरोबर तिला ठाण्यात आणलं. माझ्यापुढे पैलवानांचे पाय लटपटायचे. ही बाई पाणी पिऊन सरळ माझ्या डोळ्यांत बघत बसली.

"ओटीपी का नाही दिलास?"

"साहेब, तुम्हीच तो बोलले होते आमच्या सोसायटीत. सगा दीकरा मागे, तोय नाही द्यायचा."

बोललो होतो खरा. सायबर फसवणुकीवरच्या भाषणात टाळ्या पडाव्यात म्हणून मी सख्ख्या मुलालाही त्यात ओढलं होतं. महिला पोलीस पंख्याकडे बघू लागली.

मग तिनं सगळं सांगितलं. बा, म्हणजे आमच्या काकू, करजणला मैत्रिणीकडे गेल्या होत्या. जाताना मोबाईल हिच्या हातात दिला. रोज एक गुलाब पाठव, दिवाळीला दिवा पाठव, आणि तो मला शोधतो का ते बघ, म्हणाल्या. मुलाकडून उत्तरादाखल नुसता अंगठा यायचा. दिवाळीच्या दिव्यालाही अंगठाच आला.

मोबाईल ताब्यात घेतला, बाईला जीपमध्ये बसवलं आणि तिचं म्हणणं पडताळायला करजण गाठलं. काकू ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पोलिसांची जीप बघून उठल्या, मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. घाबरल्या असतील म्हणावं, तर चेहरा उजळलेला.

"कळलं त्याला? मी घरी नाही, हे कळलं?"

गुन्हेगारांकडून खरं काढायला मी आयुष्यभर थापा मारल्या. आणखी एक मारली. "हो काकू. फार काळजीत आहे."

"काय म्हणाला?"

तेवढ्यात माझ्या मोबाईलवर त्याचाच फोन आला. मला वाटलं, देवच पावला. आई करजणला सुखरूप सापडल्या, असं त्याला सांगितलं आणि काकूंना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"बरं झालं साहेब. मग तिला सांगा, आता परत ओटीपी येईल, तेवढा लगेच..."

माझ्या खिशात काकूंचा मोबाईल थरथरला.

काकू खाली बसल्या आणि सांडलेल्या शेंगा गोळा करू लागल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "साहेबांनी सांगितलंय, कोणाला द्यायचा नाही."

पलीकडून फोन ठेवला गेला. 'मी येथे स्वखुशीने राहत आहे,' असा काकूंचा जबाब घेतला, कामवालीला सोडलं आणि प्रकरण मिटवलं.

पूर्वी एकटं माणूस दोन दिवस दिसलं नाही तर दूधवाला ठाण्यात यायचा. आता दूधही मोबाईलवरून येतं, पिशवी दाराला टांगून पोरगा निघून जातो. लोकेशन मी हां हां म्हणता काढायचो आणि कॉलर ताठ करायचो. सापडायचा तो मोबाईल. काकूंना शोधायला तर कोणी निघालंच नव्हतं, मीसुद्धा निघालो होतो चोरीच्या तपासाला.

माझी मुलगी बंगळूरला असते. मीही तिला रोज सकाळी फूल पाठवतो, तिचा अंगठा येतो. गेल्या सोमवारपासून मुद्दाम पाठवलेलं नाही. मोबाईल उशाशी आहे, आवाज मोठा ठेवलाय.