चपलेची काठी

ताडकळसमधल्या आमच्या गल्लीत केशरबाईशी गोड बोलणारं कुणी नाही, आणि तीही कुणाचं ऐकून घेत नाही. बाई फटकळ आहे. पण मी समोरच राहतो, म्हणून सांगतो, तिच्याइतकं खरं बोलणारंही इथं कुणी नाही.

तिच्या परसातली शेपू, कोथिंबीर फुलावर येऊन वाळेपर्यंत उभी असते. ती उपटत नाही. परातीत पाणी ठेवून त्यात खडे टाकते, पिताना मधमाश्या बुडू नयेत म्हणून. शेवग्याच्या फांदीला तळहाताएवढं मोहोळ होतं, त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

शेजारचा चंद्रभान अंगणात फरशी टाकल्यापासून स्वतःला साहेब समजतो. "रान माजवलंय नुसतं! माश्या लेकरायला चावायल्यात," असं भिंतीवरून ओरडायचा. गेल्या वर्षी उन्हाळ्यात केशरबाई बाजाराला गेलेली बघून त्यानं रॉकेलचा बोळा पेटवला आणि मोहोळ जाळलं. ती परतली तेव्हा शेवग्याखाली राख होती. भिंतीपाशी उभी राहून ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. मला त्यातला एकही शब्द जास्तीचा वाटला नाही.

पावसाळ्यात चंद्रभाननं काकडीचा वेल मांडवावर चढवला. फुलं भरपूर आली, पण बोटाएवढ्या काकड्या पिवळ्या पडून गळाल्या.

"काकू, तुमचीच नजर लागली," म्हणत त्यानं मांडवाच्या काठीला फाटकी चप्पल बांधली.

"नजर न्हाई रे मुडद्या, माशी न्हाई तुझ्या वेलावर!"

तो कसला ऐकतोय! केशरबाईनं मात्र परात कोरडी पडू दिली नाही.

यंदा माश्या आल्या, पण शेवग्यावर नाही. चंद्रभानच्या मांडवात, नेमकं त्या चपलेच्या काठीला त्यांनी मोहोळ केलं. वेल काकड्यांनी लगडला. त्याची बायको राजेश्री बोळा पेटवून निघाली, तर हा तिच्या अंगावर धावला. "चप्पल जळंल ना! काठीला हात लावायचा न्हाई कुणी!"

मग भिंतीवरून काकडी नाचवत म्हणाला, "बघा काकू, कशानं आल्या? चपलेनं!"

तीच चप्पल त्याच्या टाळक्यात घालावी असं मला वाटलं. खरं सांगितलं असतं तर निव्वळ खुन्नस म्हणून त्यानं मोहोळ पुन्हा जाळलं असतं. केशरबाईला राग गिळताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"चपलेनंच रे बाबा," ती म्हणाली. "सोडू नको ती."

आणि परातीत पाणी ओतायला वळली.