सासूबाई आंबोलीच्या रानात

लग्न होऊन मी तारकर्लीला आले तेव्हा घरात एवढंच माहीत होतं, की सून आंबोलीच्या रानात गांडुळं शोधते. ती गांडुळं नव्हेत, देवगांडुळं. बेडकांच्या गोतातला, मातीत राहणारा बिनपायांचा प्राणी, हे मी सासूबाईंना दोनदा समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, "सांगान माका कळाचा नाय. एकदा दाखव."

म्हणून श्रावणातल्या एका सकाळी त्या माझ्याबरोबर घाट चढून आल्या. साडी वर खोचलेली, पायांत माझे जुने गमबूट.

ओढ्याकाठचा एकेक दगड उचलायचा, खालची माती खुरप्याने हलकेच सारायची आणि दगड होता तसा ठेवायचा, हे माझं काम. खेकडे निघाले, गोमा निघाल्या, एक विंचू निघाला. देवगांडूळ नाही. मी ओशाळले. सासूबाई मात्र खुशीत होत्या. धुकं अंगावरून जाऊ लागलं तसा त्यांनी डबा उघडला. "ढगात बसान घावणे खातंय गो," म्हणाल्या आणि मलाही वाढले.

खाऊन झाल्यावर मी कुजक्या ओंडक्याशेजारचा चपटा दगड उचलला. खाली करंगळीएवढी जाड, जांभळट मादी वेटोळं घालून होती आणि वेटोळ्यात भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी. इतक्या पावसाळ्यांत हे मी कधीच पाहिलं नव्हतं. मी कॅमेरा काढून भराभर फोटो घेतले.

"आई, हळू या."

त्या शेजारी उकिडव्या बसल्या. "तोंड खंय हिचा?"

मी दाखवलं.

"आणि घोव खंय आसा?"

"नर थांबत नाही. अंडी हीच सांभाळते."

त्यांनी वाकून अंडी नीट बघितली. मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "फोटो काढलंस ना? मगे दगड ठेव. बाळंतिणीक असा उघड्यार ठेवू नये."

मी दगड ठेवला आणि का कोण जाणे, हसू लागले. त्याही हसल्या. उठताना तोल जाऊन चिखलात बसल्या, तरी हसतच होत्या.

परतीच्या एसटीत त्यांनी पलीकडच्या बाईला सांगितलं, "आमच्या सुनेन आज देवगांडुळाचा बाळंतपण बघल्यान." त्या बाईने विचारलं, केवढं होतं? सासूबाईंनी कोपरापर्यंत हात दाखवला. मी खिडकीबाहेर बघत राहिले, दुरुस्ती केली नाही.